डब्ल्यूडीएम-२ चं मॉडेल करायचंय? आधी एक नंबर आणि एक तारीख ठरवा

भारतीय डिझेल इंजिनाचं अचूक मॉडेल करायला बसलेला माणूस सहसा प्लास्टिकच्या शीटपासून किंवा संगणकावरच्या चित्रापासून सुरुवात करतो. दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतं, "पुढची जाळी एअर ब्रेकच्या काळातली आणि होज पाइप जुन्या व्हॅक्यूम ब्रेकचे, असं कसं?" हा लेख त्या दोन महिन्यांच्या आधी करायच्या कामाबद्दल आहे. मॉडेल बनवण्याचं तंत्र यात नाही, खऱ्या इंजिनाची माहिती कशी जमवायची तेवढंच आहे. उदाहरणासाठी डब्ल्यूडीएम-२ आणि तिची भावंडं घेतली आहेत. महाराष्ट्रात वाढलेल्या कोणीही हे इंजिन पाहिलेलं असतं, आणि नवशिके सगळ्यात जास्त अडकतात तेही इथेच.

सुरुवातीला जवळ काय असावं

- एक वही किंवा संगणकावरचा तक्ता, फक्त या एका इंजिनासाठी
- मिलिमीटरची पट्टी, व्हर्नियर कॅलिपर आणि कॅल्क्युलेटर
- फोटोतले पिक्सेल मोजता येतील असं कुठलंही मोफत सॉफ्टवेअर
- बऱ्यापैकी झूम असलेला कॅमेरा; मोबाइल चालेल, पण इंजिनाचा मागचा कोपरा त्यात नीट येत नाही
- त्या वर्गाच्या इंजिनाचं बाह्यरेखा-चित्र, मुख्य मापांसह
- ओळखपत्र आणि प्लॅटफॉर्म तिकीट

१. एकच इंजिन निवडा, तेही एका ठराविक काळातलं

"मला डब्ल्यूडीएम-२ करायचंय" एवढं पुरत नाही. या वर्गाची अडीच हजारांहून जास्त इंजिनं बनली. पहिली १९६२ मध्ये अमेरिकेतल्या अल्को कंपनीकडून आली, १९६४ पासून वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये उत्पादन सुरू झालं आणि ते पुढे तीन दशकांहून जास्त चाललं. एवढ्या काळात खिडक्या, दिवे, ब्रेक, जाळ्या, रंग सगळं बदललं. शिवाय प्रत्येक इंजिन आपल्या आयुष्यात चार-पाच वेळा वेगळं दिसलं.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा: इंजिनाचा नंबर, शेड (इंजिनाची देखभाल जिथे होते तो डेपो) आणि वर्ष. समजा, कल्याण शेडचं अमुक नंबरचं इंजिन, २००५ च्या पावसाळ्यानंतरचं. पुढे कुठलाही फोटो समोर आला की त्याला याच तीन प्रश्नांवर घासून बघायचं. फोटो दुसऱ्या नंबरचा असेल तर तो संदर्भ म्हणून ठेवा, पुरावा म्हणून नको.

नंबर निवडताना भावनेपेक्षा फोटोंचा विचार करा. दोन्ही बाजू, दोन्ही टोकं आणि जमलं तर पादचारी पुलावरून घेतलेलं छत, एवढे फोटो ज्या नंबराचे मिळतात तो नंबर घ्या. लहानपणी गावच्या स्टेशनवर पाहिलेलं इंजिन करायची इच्छा मी समजू शकतो. पण त्याचा एकच धूसर फोटो असेल तर अर्धं मॉडेल अंदाजाने होईल.

२. वर्ग आणि नंबर वाचायला शिका

डब्ल्यू म्हणजे ब्रॉड गेज, डी म्हणजे डिझेल. पुढे एम म्हणजे प्रवासी आणि माल दोन्हींसाठी, जी म्हणजे मालगाडीसाठी, पी म्हणजे प्रवासी गाडीसाठी. इथवर सोपं आहे.

सापळा त्यानंतरच्या अंकात आहे. डब्ल्यूडीएम-२ मधला २ हा निव्वळ अनुक्रम आहे. इंजिन २६०० अश्वशक्तीचं होतं. नंतरच्या पद्धतीत अंक हजार अश्वशक्ती सांगतो आणि त्यापुढचं अक्षर शेकडे. डब्ल्यूडीएम-३ए म्हणजे ३१००. पण हा हिशोबही सगळीकडे जुळत नाही: डब्ल्यूडीएम-३डी ची शक्ती ३३०० सांगितली जाते, डब्ल्यूडीपी-४डी ची ४५००. तेव्हा नावावरून शक्ती काढू नका.

दुसरा सापळा नंबरांचा. डब्ल्यूडीएम-२ चे नंबर १८ हजारांच्या मालिकेत सुरू झाले, ती संपल्यावर १७ हजारांची आणि मग १६ हजारांची मालिका आली. म्हणजे १६ हजारातलं इंजिन १८ हजारातल्यापेक्षा नवं. डब्ल्यूडीएम-३ए नव्याने बनली ती १४००१ पासून, आधी डब्ल्यूडीएम-२सी या नावाने. डब्ल्यूडीएम-३डी ११ हजारांच्या मालिकेत आहे, डब्ल्यूडीजी-३ए १३ हजारांच्या.

तिसरा सापळा सगळ्यात महत्त्वाचा. बऱ्याच जुन्या डब्ल्यूडीएम-२ पतियाळाच्या कारखान्यात पूर्ण उकलून, नव्याने बांधून डब्ल्यूडीएम-३ए झाल्या. नंबर तोच राहिला आणि शेवटी 'आर' अक्षर लागलं. म्हणजे १६ हजारातला एकच नंबर १९९० च्या फोटोत एक इंजिन आहे आणि २०१० च्या फोटोत बऱ्याच अंगांनी दुसरंच. तुम्ही ठरवलेल्या वर्षी 'आर' लागला होता का, हे आधी शोधा. हे कळलं की जमवलेले निम्मे फोटो आपोआप बाजूला पडतात.

काही डब्ल्यूडीएम-२ चा शॉर्ट हूड (चालकाच्या कॅबबाहेरचा आखूड भाग) पूर्ण रुंदीचा आणि कॅबच्या खिडक्या मोठ्या होत्या. रेल्वेप्रेमी त्यांना 'जंबो' म्हणतात. तुमचा नंबर जंबो निघाला तर पुढचा सांगाडाच वेगळा करावा लागेल.

३. माप ठरवा आणि गेजचा प्रश्न आत्ताच सोडवा

आपल्याकडे बहुतेक जण एचओ मापात काम करतात, म्हणजे १:८७ (नेमकं १:८७.१). हे माप घरात केवढं दिसतं याचा अंदाज नसेल तर पुण्यात कर्वे रस्त्याजवळचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघून या.

डब्ल्यूडीएम-२ ची मुख्य मापं आणि एचओमध्ये ती किती होतात ते असं:

- बफरपासून बफरपर्यंत लांबी: १७,१२० मिमी, मॉडेलमध्ये साधारण १९६.६ मिमी
- दोन बोग्यांच्या (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा गाडा) मध्यबिंदूंमधलं अंतर: १०,५१६ मिमी, मॉडेलमध्ये १२०.७ मिमी
- नव्या चाकाचा व्यास: १,०९२ मिमी, मॉडेलमध्ये १२.५ मिमी
- रुळापासून उंची: ४,१८५ मिमी, मॉडेलमध्ये ४८ मिमी

आता गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. आपलं ब्रॉड गेज १,६७६ मिमी आहे. एचओमध्ये ते १९.२ मिमी व्हायला हवं, पण बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ मिमीचा असतो, कारण तो युरोप-अमेरिकेतल्या १,४३५ मिमी गेजसाठी बनलेला आहे. १६.५ मिमी रुळाला आपलं ब्रॉड गेज मानलं तर माप १:१०२ च्या जवळ जातं आणि मग दुसऱ्या कोणाच्याच डब्याशी तुमचं इंजिन जुळत नाही. माझं स्पष्ट मत: पहिल्या मॉडेलसाठी वरचं सगळं अंग १:८७ ठेवा आणि १६.५ चा रूळ स्वीकारा. फक्त बोगीच्या बाहेरच्या चौकटी खऱ्या रुंदीवर लावा. चाकं आत गेलेली पटकन कळत नाहीत; चौकटीच आत सरकवल्या तर इंजिन समोरून काटकुळं दिसतं आणि ते कुठल्याही रंगाने झाकत नाही.

४. फोटो जमवा, आणि त्यांच्यावर लगेच विश्वास ठेवू नका

फोटोंचे चार कप्पे करा: डावी बाजू, उजवी बाजू, टोकं, छत. डब्ल्यूडीएम-२ च्या दोन्ही बाजू सारख्या नाहीत. दारं, जाळ्या, ब्रेकचं सामान यांत फरक आहे. एका बाजूचा फोटो उलटवून दुसरी बाजू बनवणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक. आणि कोणीतरी आधीच उलटवलेला फोटो तुमच्या हाती येऊ शकतो, म्हणून आधी अक्षरं सुलटी आहेत ना ते बघा.

फोटोखाली लिहिलेली तारीख ही कित्येकदा फोटो चढवल्याची असते, काढल्याची नाही. खात्री करायला आजूबाजूला बघा: डबे जुने तांबड्या रंगाचे की निळे, डोक्यावर विजेच्या तारा आहेत की नाहीत, सिग्नल हाताचा की रंगीत दिव्यांचा. कोकण रेल्वेचं पूर्ण विद्युतीकरण २०२२ मध्ये झालं. रत्नागिरीच्या आसपासच्या फोटोत खांब दिसले तर काळ आपोआप आवळला जातो.

फोटोवरून माप काढताना इंजिन शक्यतो अगदी काटकोनात आणि लांबून टिपलेलं असावं. जवळून काढलेल्या फोटोत मधला भाग फुगतो. ज्ञात माप म्हणून चाकाचा व्यास घ्यायचा मोह होतो, कारण चाक सगळ्या फोटोत दिसतं. पण चाक झिजतं. नवं १,०९२ मिमी असलेलं चाक १,०१६ मिमीपर्यंत वापरात राहतं. तुम्ही झिजलेलं चाक नवं समजून चाललात तर सगळी मापं सात टक्क्यांनी चुकतील. त्याऐवजी बोग्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर घ्या, ते झिजत नाही. समजा फोटोत ते २,१०३ पिक्सेल भरलं, तर एक पिक्सेल म्हणजे ५ मिमी. मग रेलिंगच्या दोन खांबांत २४० पिक्सेल असतील तर खरं अंतर १,२०० मिमी आणि मॉडेलमध्ये १३.८ मिमी. असं प्रत्येक माप किमान दोन वेगळ्या फोटोंवरून काढा आणि दोन्ही आकडे वहीत ठेवा.

५. प्रत्यक्ष जाऊन बघा, पण परवानगीने

अल्को इंजिनं झपाट्याने कमी होत आहेत आणि बऱ्याच डिझेल शेडमध्ये आता विजेची इंजिनंही सांभाळली जातात. तेव्हा 'पुढच्या वर्षी जाऊ' म्हणू नका.

स्टेशनवर फोटो काढण्याआधी स्टेशन मास्तर किंवा रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला सांगा, ओळखपत्र दाखवा, छंद काय आहे ते समजावा. नियमांची समज जागोजागी वेगळी असते आणि तिथे वाद घालून काही मिळत नाही. शेडमध्ये जायचं तर आधी लेखी परवानगी लागते. घोरपडी असो की कल्याण, गेटवरून आत डोकावून परत येऊ असं धरून जाऊ नका. अर्जात नाव, तारीख, कुठलं इंजिन बघायचंय आणि कशासाठी, हे एका पानात लिहा. ट्रॅक ओलांडून चांगला कोन मिळवायचा विचारही करू नका: रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे तो गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी जिवाशी खेळ आहे.

समोर इंजिन असताना आधी पूर्ण इंजिनाचे फोटो काढा, मग तुकड्यांचे. मापपट्टी फोटोत धरता आली तर उत्तमच. शेडमधल्या माणसांशी बोला. ज्यांनी तीस वर्षं ही इंजिनं उघडली त्यांना 'हे दार कशाचं?' असं विचारलं की जे कळतं ते कुठल्याच चित्रात नसतं. दाराचं काम कळलं की त्याचा आकार आणि बिजागरीची बाजू आपोआप लक्षात राहते.

संग्रहालयात उभं केलेलं इंजिन मापं घ्यायला फार छान. रंग आणि अक्षरांसाठी मात्र ते धरू नका, कारण जतन करताना ते पुन्हा रंगवलेलं असतं.

६. तपशिलांची झडती: टोकापासून टोकापर्यंत

इथे घाई करू नका. मी खालच्या क्रमाने जातो आणि प्रत्येक गोष्टीपुढे तीनपैकी एक खूण करतो: फोटोत दिसलं, दुसऱ्या इंजिनावरून घेतलं, किंवा अंदाज.

*हेडस्टॉक.* म्हणजे बफर आणि कपलिंग बसवलेली टोकाची आडवी तुळई. काळ सांगणारी सगळ्यात बोलकी जागा. व्हॅक्यूम ब्रेकचा होज जाड असतो. एअर ब्रेकचे दोन बारीक असतात, एक ब्रेक पाइपचा आणि एक फीड पाइपचा, आणि त्यांच्या नळ्यांना हिरवा व पांढरा रंग देतात. दोन्ही प्रकारच्या गाड्या ओढणाऱ्या इंजिनावर दोन्ही होज एकत्र दिसतात. मधे स्क्रू कपलिंग आहे की सेंटर बफर कपलर? कपलर असूनही बाजूचे बफर ठेवलेले आहेत का? रुळावरची गुरं बाजूला सारणारी पुढची जाळी सपाट पट्ट्यांची की पत्र्याची? या चार प्रश्नांची उत्तरं एकाच वर्षाची असायला हवीत.

*दिवे.* जुन्या फोटोत एकच मोठा हेडलाइट, नंतर जोड दिवे. पिवळा फ्लॅशर लाइट आहे का? असेल तर दोन्ही टोकांना आहे का?

*कॅब.* खिडक्यांचे आकार, काचेवर दगडांपासून बचावासाठी लावलेली जाळी, भोंग्यांची जागा. नंतरच्या काळात जाळ्यांचे नमुने शेडप्रमाणे बदलतात, म्हणून दुसऱ्या शेडच्या इंजिनावरून जाळी उचलू नका.

*हूड आणि छत.* लाँग हूडच्या (कॅबच्या दुसऱ्या बाजूच्या लांब भागाच्या) टोकाला रेडिएटर, त्यावर छतात एक मोठा पंखा, बाजूला जाळीचे पडदे. डायनॅमिक ब्रेक (मोटरींनाच जनित्रासारखं वापरून वेग कमी करणारा ब्रेक) आहे की नाही हे नक्की करा; असेल तर त्याच्या रेझिस्टन्सची पेटी आणि जाळी कुठे बसवली आहे ते टिपा. मुळात नसलेल्या इंजिनाला नंतर बसवलेला असू शकतो. छताचे फोटो सगळ्यात दुर्मीळ आणि मॉडेल मात्र आपण कायम वरूनच बघतो. त्यामुळे पादचारी पुलावर घालवलेला तास वाया जात नाही.

*बोगी.* डब्ल्यूडीएम-२ च्या बोगीला तीन आस (अॅक्सल) आहेत आणि त्यांच्यातली अंतरं सारखी नाहीत. ही 'ट्रायमाउंट' बोगी. तिची ओळखच या असमान अंतरात आहे. मोठं अंतर कुठल्या बाजूला येतं ते दोन्ही बोग्यांसाठी फोटोवरून नोंदवा, नाहीतर जोडताना बोगी उलटी बसते. डब्ल्यूडीजी-३ए ची हाय अॅडहिजन बोगी पूर्ण वेगळी दिसते. दोन्ही वर्ग सहा चाकांच्या बोगीवर धावतात म्हणून एकाची बोगी दुसऱ्याला लावली तर जाणकाराच्या नजरेला सगळ्यात आधी तेच खटकतं.

*मधला भाग.* इंधनाच्या टाकीची खोली, बॅटरीच्या पेट्या, एअर रिझर्व्हॉयरच्या नळकांड्या. फोटोत इथे सावली असते. उजेड वाढवून बघा.

७. रंग आणि अक्षरं

भारतीय इंजिनाचा रंग ठरवायची खरी सत्ता शेडकडे होती. एकाच वर्गाची कल्याणची, पुण्याची, इरोडची, एर्नाकुलमची इंजिनं वेगवेगळ्या रंगांत धावत. इंजिनाची बदली झाली तरी ते पुढच्या रंगकामापर्यंत जुन्याच रंगात फिरायचं. फक्त शेडचं नाव बदललेलं. एका डब्ल्यूडीएम-२ च्या कॅबखाली मी हे जवळून पाहिलं आहे: नव्या शेडचं नाव ताज्या पिवळ्या रंगात, आणि त्याच्याखाली ब्रशने फिरवलेल्या पट्ट्यातून जुन्या नावाची कडा, तिरप्या उन्हात उठून आलेली. असा तपशील मॉडेलवर उतरवता आला तर इंजिनाचा अख्खा इतिहास दिसतो.

अक्षरं हातानं काढलेली असत. संगणकावरचा तयार फॉन्ट त्यांना जुळत नाही. सरळ बाजूने काढलेला फोटो घ्या, अक्षरांवरून रेघ मारत त्यांचं रेखाटन करा आणि त्यावरून डिकॅल (मॉडेलवर चिकटवायची पातळ छपाई) छापा. हिंदी आणि इंग्रजी मजकूर कुठल्या बाजूला, कुठल्या क्रमाने, हे नीट बघा. काही इंजिनांवर नंबर देवनागरी अंकांतही असतो. अंगावर बारीक पांढऱ्या अक्षरांत शेवटच्या मोठ्या दुरुस्तीची, म्हणजे पीओएचची, तारीख आणि कारखान्याचं नाव लिहिलेलं असतं. ते वाचता आलं तर फोटोचा काळ ठरवायला याहून भक्कम पुरावा नाही.

रंगाची छटा पडद्यावरून ठरवू नका. सकाळी, भर दुपारी आणि ढगाळ हवेत काढलेले फोटो शेजारी ठेवा आणि मधली छटा निवडा. दिव्याखाली मॉडेल खऱ्यापेक्षा गडद दिसतं, तेव्हा किंचित फिकी छटा घेतलेली बरी.

८. कागदपत्रं

अधिकृत रेखाचित्रं आणि देखभालीच्या पुस्तिका लखनौच्या आरडीएसओकडून (रेल्वेच्या संशोधन आणि मानक संस्थेकडून) निघतात; वर्गाचं मुख्य मापांचं चित्र मिळालं तर तिथून मिळालेलं सगळ्यात विश्वासाचं. मात्र रेखाचित्र म्हणजे ठरवलेलं इंजिन आणि फोटो म्हणजे झालेलं इंजिन. दोघांत फरक निघाला तर मापासाठी रेखाचित्र माना, तपशिलासाठी फोटो.

एखाद्या नंबराची बदली कधी झाली, ते कधी बाद झालं, असं नेमकं काही हवं असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रश्न एकच आणि नेमका विचारा. 'या इंजिनाची सगळी माहिती द्या' असं लिहिलं तर उत्तरही तसंच मोघम येतं.

९. सांगाडा विकत घेण्याआधी

वहीत आता प्रत्येक तपशिलापुढे खूण असेल. जिथे 'अंदाज' लिहिलंय त्या गोष्टी वेगळ्या काढा आणि त्या मॉडेलवर नंतर सुटे जोडता येतील अशा ठेवा: होज, भोंगे, जाळ्या, दिवे. पुढे फोटो मिळाला की तेवढाच भाग बदलता येतो. जे बदलता येणार नाही, म्हणजे हूडचा आकार, खिडक्या, बोगीतली अंतरं, तिथे अंदाज शिल्लक असेल तर काम थांबवा आणि अजून फोटो शोधा.

परदेशी इंजिनाचा चालता सांगाडा वापरणार असाल तर बोग्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर १२०.७ मिमीच्या किती जवळ आहे, चाक १२.५ मिमीचं आहे का आणि आसांची अंतरं समान आहेत की असमान, हे तीन आकडे विक्रेत्याला आधी विचारा. जाहिरातीतल्या फोटोवरून ते ओळखता येत नाहीत. मध्यबिंदूंचं अंतर चौकट कापून जुळवता येतं, चाकंही बदलता येतात. आसांचं अंतर मात्र गिअरच्या पेटीत अडकलेलं असतं. म्हणून तिन्ही जुळत नसतील तर आसांची अंतरं जुळणारा सांगाडा घ्या.